एक पिस्तूल, तीन कामे

दिवाळी आली की आमच्या लहानपणी साताऱ्याच्या बाजारात पत्र्याची पिस्तुले दोऱ्याला टांगलेली दिसत. टिकल्यांची लाल गुंडाळी आत बसवायची आणि चाप ओढत सुटायचे. दहांतल्या चार टिकल्या वाजत, सहा मुक्या जात. पण पिस्तूल हातात आहे एवढ्यानेच आम्ही शूरवीर होऊन जात असू. १९६० सालच्या दिवाळीत असेच एक पिस्तूल मी ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या बापूकाकांवर रोखले आणि ‘ठो’ केले.

बापूकाका म्हणजे माझे थोरले चुलते. मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर इटलीची लढाई पाहून आलेले आणि जमादार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, माझ्या हातातले पिस्तूल काढून घेतले, त्याचे तोंड जमिनीकडे केले आणि शांतपणे म्हणाले, “आरं, रिकामं असलं तरी मानसावर धरायचं न्हाई.”

मी ओशाळलो, पण कुतूहल गप्प बसू देईना. विचारले, “बापूकाका, सगळ्यांत चांगलं पिस्तूल कुठलं हो?”

ते जरा हसले. म्हणाले, “शिकायला एक, पैजंला एक, कमरंला एक. तिन्हीला मिळून एकच पायजे आसंल, तर आदी तुजा हात दाव.”

त्या वेळी मला त्यातले काही समजले नाही. पुढे मी इतिहासाचा मास्तर झालो, जुनी पुस्तके चाळू लागलो आणि ध्यानात आले की माझ्या बालिश प्रश्नावर एका मोठ्या सैन्याने सात वर्षे खर्ची घातली होती. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी अडचण काय आहे ती पाहू. शिकणाऱ्याला असे हत्यार हवे की ज्याचे काडतूस स्वस्त, धक्का हलका आणि रचना सोपी; कारण त्याला हजारो गोळ्या झाडायच्या असतात, आणि पहिल्याच धक्क्याला मनगट दचकले तर ते दचकणे जन्मभर जात नाही. पैजेच्या मैदानावर उतरणाऱ्याला वजनदार, स्थिर आणि अचूक हत्यार हवे; त्याचा चाप इतका हलका की बोटाने विचार करावा आणि गोळी सुटावी. कमरेला बाळगणाऱ्याचे मागणे याच्या नेमके उलट. त्याला वजन नको, जाडी नको आणि हलका चाप तर मुळीच नको. मात्र वर्षातून एकदाच उपसले तरी ते अडता कामा नये. आपल्या घरची विळी भाजी चिरते आणि खोबरेही खवते, म्हणून गृहिणीला ती प्यारी. पण ती विळी घेऊन कोणी प्रवासाला निघत नाही. दोन कामे एका पात्यावर बसतात, तिसरे बसत नाही.

हा पेच अमेरिकन सैन्यापुढे उभा राहिला तो फिलिपाइन बेटांत. १८९९ साली अमेरिकेने त्या बेटांवर आपला अंमल बसवण्यासाठी युद्ध सुरू केले आणि पुढे दक्षिणेकडच्या मोरो लोकांशी तिची गाठ पडली. आपल्याच भूमीवर झुंजणारी ही माणसे. हातात लांब पात्याचे हत्यार घेऊन ती अंगावर धावून येत, आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कमरेला असलेले ०.३८ इंची रिव्हॉल्वर त्यांना वेळेवर थोपवू शकत नसे. हे रिव्हॉल्वर हलके आणि चालवायला सुटसुटीत होते. सरावासाठी ते ठीकच होते. परंतु ज्या क्षणासाठी ते बाळगायचे, त्याच क्षणी ते उणे पडले. तेव्हा अडगळीत टाकलेली जुनी ०.४५ इंची रिव्हॉल्वरे पुन्हा बाहेर काढावी लागली.

१९०४ साली शस्त्रखात्याचे थॉम्प्सन आणि वैद्यकीय खात्याचे लागार्ड या दोघांवर तपासाचे काम आले. शिकागोच्या प्रचंड कत्तलखान्यात त्यांनी निरनिराळ्या गोळ्या जिवंत गुरांवर आणि माणसांच्या प्रेतांवर झाडून पाहिल्या. वाचताना अंगावर काटा येतो. त्यांचा निष्कर्ष असा की सैन्याच्या पिस्तुलाची गोळी ०.४५ इंचाहून लहान नसावी. हा निष्कर्ष जगभर गाजला. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र फारशी कोणी ध्यानात ठेवली नाही. गोळी कितीही मोठी असली तरी ती मर्मावर बसली नाही तर भरवसा नाही. म्हणून पिस्तूल बाळगणाऱ्या शिपायाकडून नेमबाजीचा सराव अखंड करून घ्यावा, असे त्या दोघांनी बजावले होते. जगाने गोळीचा आकार तेवढा उचलला आणि सरावाची गोष्ट बाजूला ठेवली. माणसाचा स्वभावच असा. उपाय विकत मिळत असेल तर तो कष्टाचा उपाय कशाला करील?

१९०७ साली स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेत उमेदवार पिस्तुलांची परीक्षा सुरू झाली. जर्मनीचे ल्यूगर होते, इंग्लंडचे वेब्ली-फॉसबेरी होते, आणखीही काही होती. अखेर कोल्ट आणि सॅव्हेज या दोन अमेरिकन कारखान्यांचीच पिस्तुले रिंगणात उरली. कोल्टचे पिस्तूल रचले होते जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी.

या नावापाशी मराठी वाचक थबकेल. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा लंडनहून लपवून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांची हकीकत खटल्यात पुढे आली. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याला फासावर गेले आणि ‘ब्राउनिंग’ हा शब्द मराठी घरांतून कुजबुजत्या आवाजात उच्चारला जाऊ लागला. ते ब्राउनिंग हेच. अमेरिकेतील युटा प्रांतात ऑग्डन गावी एका बंदूक-कारागिराच्या घरी १८५५ साली जन्मलेले. बेल्जममधल्या कारखान्यासाठी त्यांनी खिशात मावणारी छोटी पिस्तुले रचली आणि कोल्टसाठी सैन्याचे मोठे. एकाच हाताने दोन्ही रचली. पण खिशाचे काम आणि रणांगणाचे काम एकाच पिस्तुलावर लादण्याचा आग्रह त्या कारागिराने धरला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सैन्याच्या मागण्या मात्र वाढत होत्या. घोडदळाचे म्हणणे असे की स्वाराचा एक हात लगामावर, दुसऱ्यात पिस्तूल आणि खाली उधळलेला घोडा. अशा वेळी चुकून गोळी सुटली तर स्वतःचाच पाय जायचा. म्हणून मुठीत एक खटका आला. मूठ नीट आवळल्याखेरीज चाप चालत नाही. शिवाय अंगठ्याने लावायचा दुसरा खटका आला. म्हणजे बाळगणाऱ्याची काळजी हत्याराच्या अंगातच बसवली गेली.

मार्च १९११ मध्ये शेवटची परीक्षा झाली. प्रत्येक पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडायच्या. शंभर झाल्या की थंड होऊ द्यायचे, हजार झाल्या की पुसून तेल द्यायचे. सॅव्हेज ३७ वेळा अडखळले. कोल्ट एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी ते सैन्याचे पिस्तूल म्हणून मंजूर झाले. वजन सुमारे १.१ किलो, पोटात सात गोळ्या. एक सैन्य, एक पिस्तूल. प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले.

पण खरी गंमत पुढेच आहे.

पहिल्या महायुद्धात हे पिस्तूल लाखो हातांत गेले आणि कळले की सगळे हात सारखे नसतात. लहान पंजाच्या शिपायाचे बोट चापापर्यंत नीट पोहोचेना. म्हणून १९२० नंतरच्या दशकात चाप आखूड केला, त्याच्या मागची चौकट दोन्ही बाजूंनी जराशी कोरली, मुठीची पाठ फुगीर केली. आतल्या यंत्राला हात लावावा लागला नाही. तडजोड केली ती माणसाच्या पंजाशी.

मग सरावाचा प्रश्न आला. ०.४५ चे काडतूस महाग आणि धक्का जबर. १९३१ साली कोल्टने त्याच रूपाचे ०.२२ इंची पिस्तूल काढले. पण त्याचा धक्का अगदीच नाजूक. तेव्हा विल्यम्स नावाच्या कारागिराने अशी युक्ती योजली की छोट्या काडतुसालाही मोठ्यासारखा धक्का बसावा. पैजेसाठी वेगळी, हाताने जुळवून बसवलेली अचूक पिस्तुले निघाली. अमेरिकेतल्या ‘बुल्सआय’ स्पर्धेत तर तीन वेगवेगळ्या प्रकारांत नव्वद नव्वद गोळ्या, एकूण २७० गोळ्यांची पैज लागे: एक फेरी ०.२२ ची, एक मधल्या जातीच्या काडतुसाची आणि एक ०.४५ ची. आणि कमरेला? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या जनरल मंडळींना कोल्टचे छोटे, चपटे पिस्तूल दिले! एका पिस्तुलात तिन्ही कामे बसवायला निघालेल्यांनी शेवटी तीन पिस्तुले वापरली. बापूकाकांनी ओटीवर बसून सांगितले होते तेच.

इंग्रजांनी याच प्रश्नाचे उत्तर उलट्या बाजूने शोधले. त्यांच्याकडे ०.४५५ चे दणकट वेब्ली रिव्हॉल्वर होते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी विचार केला की घाईघाईने भरती झालेल्या माणसाला हे जड हत्यार शिकवायला वेळ फार लागतो. त्यापेक्षा हलके द्यावे, म्हणजे तो लवकर शिकेल आणि नेम तरी लावील. म्हणून १९३२ साली ०.३८ चे एन्फील्ड रिव्हॉल्वर आले. अमेरिकनांनी शेवटच्या क्षणाचा विचार करून निवड केली, इंग्रजांनी पहिल्या महिन्याचा. दोन्ही सैन्ये आपापल्या परीने बरोबर होती आणि दोघांनीही कशाला तरी मुकण्याचे कबूल केले होते.

हेच एन्फील्ड बापूकाकांच्या कमरेला होते. मी कॉलेजात असताना एका पावसाळी संध्याकाळी त्यांना विचारले, “काका, इटलीत तुम्ही त्यातनं किती गोळ्या झाडल्या?”

“एकबी न्हाई,” ते म्हणाले. “कमरंला दीड वरीस हुतं. रोज रातच्याला पुसायचो.”

मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. एका खेड्यात रात्री घरे तपासण्याचे काम चालले होते. तळघराचे दार आतून हलले. काकांनी रिव्हॉल्वर उपसून दारावर धरले. दार उघडले आणि कंदील घेतलेली एक म्हातारी पुढे आली. तिच्या लुगड्यासारख्या काळ्या घोळाआड दोन पोरे. “बोट चापावर नव्हतं,” काका म्हणाले. “भायेर हुतं, चौकटीवर. उस्तादानं छडी मारून मारून तशी सवय लावली हुती. बोट आत असतं, तर आज तुज्याशी बोलाय तोंड न्हवतं मला.”

दिवाळीत माझ्या हातून टिकल्यांचे पिस्तूल का काढून घेतले गेले, ते त्या संध्याकाळी मला उमगले.

त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले. ब्राउनिंग १९२६ साली बेल्जममध्ये कामावर असतानाच वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल सेव्ह यांनी १९३५ साली पुरे केले. तेरा गोळ्यांच्या त्या पिस्तुलाचाच अवतार आपल्या ईशापूरच्या कारखान्यात घडला आणि भारतीय सैन्याच्या कमरेला आला. अमेरिकेने १९८५ साली आपले जुने ०.४५ बाजूला सारून इटालियन घडणीचे पंधरा गोळ्यांचे ९ मिलिमीटर बेरेटा घेतले. म्हणजे धक्का हलका, गोळ्या जास्त, शिकायला सोपे. २०१७ साली तेही बदलून सिग कंपनीचे आले. त्याची मूठ लहान, मध्यम, मोठी अशी पंजाप्रमाणे बदलता येते. शिवाय तेच पिस्तूल पूर्ण आकारात आणि आखूड आकारात अशा दोन रूपांत घेतले गेले. शंभराहून अधिक वर्षांनी सरकारी शहाणपण ‘आधी तुझा हात दाखव’ येथवर पोहोचले म्हणायचे! आणि ज्यांना केवळ नेमाची विद्या हवी, त्यांच्यासाठी मैदान वेगळेच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते कमरेला बाळगण्याच्या हत्याराने नव्हे.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. हत्यार कमरेला वर्षानुवर्षे असते, सरावात हजारो वेळा झडते आणि खऱ्या प्रसंगी, आलाच तर, एखाद्या क्षणापुरते लागते. त्या क्षणी ६,००० गोळ्यांची परीक्षा उतरलेले यंत्र उपयोगी पडते हे खरे. पण झाडावी की झाडू नये, हे ठरवणारे बोट कोणत्याही कारखान्यात घडत नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने टिकल्यांचे पिस्तूल आणले आणि माझ्यावरच रोखले. मी त्याचे तोंड जमिनीकडे वळवले आणि बापूकाकांचे वाक्य जसेच्या तसे म्हटले. तो म्हणाला, “आजोबा, हे तर खोटं आहे!” मी म्हटले, “पिस्तूल खोटं असेल, बाळ; सवय खरीच लागते.”