फोड आले म्हणून पेला वेगळा ठेवू नका

आमच्या वाणगावच्या बचत गटातल्या एका ताईंच्या तोंडात फोड आले. घास गिळवेना. पुढे छातीवर, पाठीवर फोड उठले, फुटले, कातडी सोलवटली. कुणी नागीण म्हणालं, कुणी देवीचा कोप. आम्हीही चुकलो. बैठकीत त्यांचा चहाचा पेला वेगळा ठेवला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. नाव कळलं, पेम्फिगस.

आपल्या आज्यांची भीती उगीच नव्हती. देवीचा रोग खरोखर एकाचा दुसऱ्याला होत असे. पण 1975 नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. भीती मात्र घरात राहिली, आणि ती आता पेम्फिगसच्या बाईवर निघते.

पेम्फिगस कुणाचा कुणाला लागत नाही. 1964 साली अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी रोग्यांच्या रक्तात याचं कारण शोधलं. रोगजंतूंशी लढणारी आपल्या शरीराची ताकद चुकते आणि स्वतःच्याच कातडीवर उलटते. भिंतीच्या विटा जागेवर असाव्यात आणि मधला चुना सुटावा, तसे कातडीचे कण सुटतात. त्या जागी पाणी भरून फोड येतो.

1950 च्या आसपास स्टेरॉइड औषधं आली. त्याआधी यातले बहुतेक रोगी दगावत. पुढे 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरीचा यांनी नवी पद्धत बसवली. दर 28 दिवसांनी सलग तीन दिवस सलाईनमधून औषध द्यायचं. भारतातल्या कितीतरी रोग्यांना तिचा आधार झाला. त्यातल्या एका औषधाने पाळी बंद होऊ शकते, म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

आमच्या ताईंना बरं वाटलं तशा त्यांनी गोळ्या सोडल्या, आणि फोड परत आले. लोकलने मुंबईला जायचं तर भाडं लागतं, मजुरी बुडते. मग गटाने त्यांना कर्ज दिलं आणि दर खेपेला एकजण सोबत जाऊ लागली.

मैत्रिणींनो, तोंडातले फोड दोन-तीन आठवड्यांत भरले नाहीत, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं.

आता बैठकीत पेले सगळे सारखेच असतात. ताईंना आधी चहा देतो.