चेक इंजिन लाइट परत परत का लागते? मोबाइलवर कारण कसं शोधायचं?

सेकंड हँड गाडी घेतली, गॅरेजवाल्याने लाइट 'रिसेट' करून दिली आणि चार दिवसांत ती पुन्हा पेटली? माझ्या पुण्यातल्या सात वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत हेच चाललं होतं. रिसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे. रिसेटमुळे फक्त नोंद पुसली जाते, बिघाड तिथेच राहतो. म्हणून लाइट परत येते.

लाइट काय सांगते?
पिवळी लाइट स्थिर असेल तर गाडी चालवता येते, पण लवकर तपासा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. अशा वेळी गाडी जास्त पळवू नका. सोबत लाल ऑइलची किंवा तापमानाची लाइट लागली तर लगेच थांबा.

काय लागेल?
भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनचा सॉकेट असतो. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ अडॅप्टर लावा आणि 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर'सारखं अ‍ॅप उघडा. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ एलई अडॅप्टर घ्या, साधा ब्लूटूथवाला चालत नाही.

तपासायच्या पायऱ्या

१. कोड लिहून घ्या. पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पी०३०० म्हणजे मिसफायर. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता कमी.

२. फ्रीझ फ्रेम बघा. कोड आला त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि इंजिनचं तापमान इथे जपलेलं असतं. बिघाड सिग्नलवर उभं असताना होतो की कात्रजचा घाट चढताना, हे यावरून कळतं.

३. फ्युएल ट्रिम बघा. हा आकडा साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तो थोडा वर सरकू शकतो.

माझ्या गाडीत कोड पी०१७१ होता. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं होतं. पण ट्रिम आयडलिंगला +२२ आणि २५०० आरपीएमला +६ दिसत होता. याचा अर्थ, हवा कुठून तरी आत शिरतेय. कमी आरपीएमला इंजिन थोडीच हवा ओढतं, म्हणून छोटी गळतीही जास्त जाणवते. वेग वाढवल्यावर ट्रिम उलट वाढला असता, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा हवेचा सेन्सर यांच्यावर संशय गेला असता. बोनेट उघडून नळ्या तपासल्या, तर इनटेक मॅनिफोल्डची एक रबरी नळी चिरलेली सापडली. ती बदलली, सेन्सर तसाच आहे आणि लाइट परत आलेली नाही.

गाडी विकत घेताना हे नक्की बघा
काही विक्रेते गिऱ्हाईक यायच्या आधी कोड पुसतात. तेव्हा दोन गोष्टी करा:

- इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका. चेक इंजिन लाइट पेटलीच पाहिजे. पेटत नसेल तर कुणीतरी ती बंद केलेली असू शकते.
- अ‍ॅपमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' बघा. बरेचसे 'इन्कम्प्लीट' असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. ते पूर्ण व्हायला शहरात आणि हायवेवर काही दिवस गाडी चालवावी लागते. तोपर्यंत टोकन देऊ नका.

लक्षात ठेवा
कोड बिघडलेल्या पार्टचं नाव सांगत नाही, कुठे शोधायचं ते सांगतो. पी०४२० आला म्हणून लगेच महागडा कन्व्हर्टर बदलू नका, आधी सायलेन्सरच्या पाइपची गळती आणि मागचा सेन्सर तपासा. बीएस-६ बाइक असेल तर सॉकेट वेगळा असतो, जोडणारी केबल घ्यावी लागते.

तुमच्या गाडीत कुठला कोड आला? कमेंटमध्ये गाडीचं मॉडेल आणि वर्षासह नक्की लिहा.