खाणीतून निघालेली किनार

व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टिकरभोवती पांढरी किनार असते. कंपनीची तशी शिफारसच आहे: ५१२ पिक्सेलच्या चौकोनात चित्र बसवा आणि बाहेरून ८ पिक्सेलची पांढरी रेघ द्या. मागचा वॉलपेपर काळा असो की फुलाफुलांचा, चित्र उठून दिसतं. फोटोशॉपमध्ये २००० सालापासून ‘स्ट्रोक’ निवडला की काम झालं.

या किनारीचं मूळ छापखान्यात शोधायची रीत आहे. कागदी स्टिकर कापताना पातं जरासं सरकतं. चित्राचा कान उडू नये म्हणून भोवती पांढरी जागा सोडतात. दिसण्यापुरती ही वंशावळ पटते. पण पडद्यावर पातं कुठलं? तिथला प्रश्न वेगळा: वेड्यावाकड्या आकृतीपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर रेघ काढायची कशी? तेच चित्र मोठं करून मागे ठेवलं, तर किनार कुठे जाड होते, कुठे गायब.

उत्तर खाणीत आहे. १९६४ साली फ्रान्समध्ये झाँ सेरा हा तरुण संशोधक, जॉर्ज मातरों यांच्या मार्गदर्शनाखाली, लोरेनच्या लोहखनिजाचे पातळ छेद तपासत होता. त्यातल्या कणांचे आकार मोजता मोजता दोघांनी एक नवं गणितच उभं केलं. त्यातली एक क्रिया अशी: आकृतीच्या प्रत्येक बिंदूवर एक चकती ठेवायची. सगळ्या चकत्यांनी मिळून व्यापलेली जागा म्हणजे फुगलेली आकृती. तिच्यातून मूळ आकृती वजा केली, की उरते ती किनार! शिफारशीतले ८ पिक्सेल म्हणजे या चकतीची त्रिज्या.

काटेकोर मंडळी म्हणतील, आकृत्यांची अशी बेरीज गणितज्ञ हर्मान मिंकोव्स्कीची, आणि तो तर १९०९ मध्येच वारला. बीज त्याचंच, कबूल. पण ती बेरीज चित्रांच्या कामाला जुंपली खनिजवाल्यांनी. घराण्याला नाव त्यांचंच लागायला हवं. प्रत्येक पिक्सेलचं चित्रापासूनचं अंतर मोजूनही किनार काढता येते, पण हाती येणारा आकार तोच.

पुरावा हवा तर मांजराचं स्टिकर घ्यावं. कानांच्या टोकांभोवती किनार गोल वळते. छापखानावाले लगेच म्हणतील, कोपरा सोलू नये म्हणून आम्हीही गोलच कापतो. मग दोन कानांच्या मधे पाहावं. कागदावर तिथेही गोलाईच देतात, नाहीतर खाचेतून फाटतं. चकतीच्या गणितात बाहेरची टोकं गोल होतात, आतली खाच मात्र टोकदारच राहते.