डान्स पॅड, घरगुती

डान्स पॅड, घरगुती : पडद्यावर खालून वर सरकत जाणाऱ्या बाणांच्या अनुरोधाने आणि गीताच्या ठेक्यावर पावले टाकून खेळावयाच्या व्हिडिओ गेममध्ये हातातील नियंत्रकाचे काम करणारा, जमिनीवर अंथरावयाचा अथवा मांडावयाचा चौरस फलक. नवशिक्याने त्याची निवड कशी करावी, हा प्रस्तुत नोंदीचा विषय असून नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील घरे, फरश्या आणि तेथील वहिवाट विचारात घेऊन त्याचे विवेचन केले आहे.

पायांनी चालवावयाचा पट जपानच्या बांदाई कंपनीने ‘फॅमिली ट्रेनर’ या नावाने १९८६ मध्येच विक्रीस आणला होता. पण त्यावरील खेळ धावण्याचे व उड्या मारण्याचे, म्हणजे व्यायामशाळेच्या जातीचे होते. पदन्यास आणि संगीत यांची सांगड घालून त्याला लोकप्रियता मिळवून दिली ती कोनामी कंपनीच्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ने. हा खेळ १९९८ मध्ये जपानी खेळघरांत आला आणि १९९९ मध्ये प्लेस्टेशनद्वारे घरांत शिरला. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील अँडामिरो कंपनीने ‘पंप इट अप’ काढला. पहिल्यात डावा, उजवा, पुढचा व मागचा असे चार बाण, तर दुसऱ्यात चार कोपरे आणि मध्य अशी पाच स्थाने असतात. म्हणून एका खेळासाठी घेतलेला पट दुसऱ्यास सोयीचा पडत नाही, हे खरेदीपूर्वीच ध्यानी घ्यावे. युबिसॉफ्टच्या ‘जस्ट डान्स’ला (२००९) तर असा पटच लागत नाही, कारण तो हाताच्या व शरीराच्या हालचालींवर चालतो. पटधारकाच्या दृष्टीने सर्वांत उपकारक ठरला तो ‘स्टेपमॅनिया’ हा २००१ पासून विकसित होत आलेला विनामूल्य आज्ञाप्रणालीसंच; त्यामुळे महाग खेळयंत्रावाचून, घरच्या जुन्या संगणकावरही हा छंद सुरू करता येतो.

रचनेवरून या पटांचे तीन प्रकार पडतात. मऊ पटात विद्युत्‌वाहक लेप दिलेली दोन प्लास्टिकची अस्तरे आणि त्यांच्यामध्ये छिद्रे असलेला फोमचा थर असतो. पाय पडताच छिद्रातून दोन्ही अस्तरे एकमेकांस टेकतात आणि संकेत जातो. मधल्या प्रकारात त्याच पटाच्या पोटात कडक फोमचे जाड तुकडे सारलेले असतात. रेडऑक्टेन ही कंपनी पुढे ‘गिटार हीरो’मुळे (२००५) नावारूपास आली, पण तत्पूर्वी तिचा या धर्तीचा ‘इग्निशन’ पट खेळाडूंत सुपरिचित होता. तिसरा कठीण फलक धातूच्या चौकटीचा असतो. खेळघरातील यंत्राप्रमाणे त्याची प्रत्येक पट्टी सुमारे २८ सेंटिमीटर चौरस असते, आणि तिच्याखाली धातूचे स्पर्शबिंदू वा दाब मोजणारे संवेदक बसविलेले असतात. पोलंडमधील एल-टेकसारखे उत्पादक असे फलक बनवितात. परंतु एवढे वजन परदेशातून मागविताना वाहतूक आणि सीमाशुल्क यांचा आकार मूळ किमतीत मिळविल्यावर नवशिक्याचा उत्साह ओसरण्याचा संभव अधिक.

पट निसटणे हा मऊ पटाचा मूळ दोष होय, आणि मराठवाड्यातील घरांत तो विशेष जाणवतो. पूर्वी मराठवाड्याप्रमाणेच निजामी राज्यात मोडणाऱ्या शहाबादची फरशी या भागातील असंख्य घरांत आहे; ती थंड, टिकाऊ आणि उन्हाळ्यात सुखावह खरी, परंतु वर्षानुवर्षे पुसून गुळगुळीत झालेली, आणि जोडांशी किंचित खालीवर असते. नव्या सदनिकांतील चकचकीत टाइल याहूनही घसरडी. अशा पृष्ठभागावर हलका पट प्रत्येक पावलागणिक बोटभर सरकतो; पडद्याकडे लागलेली नजर खाली वळविण्याची सोय नसल्याने खेळाडूचे पाऊल बाणाबाहेर पडू लागते, आणि दोष पटाचा असता तो आपल्या पायांकडे घेऊन माणूस निराश होतो. यावरचा उपाय सुताराच्या दुकानातच मिळतो. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडच्या तक्त्याचा अर्धा भाग, म्हणजे चार बाय चार फुटांचा चौरस, कापून घ्यावा, त्याच्या खाली रबरी चटई घालावी आणि पट वर ताणून कडांशी रुंद चिकटपट्टीने पक्का बसवावा. इतक्या खटाटोपाने साधा पटसुद्धा पुष्कळ महागड्या पटांची बरोबरी करतो. कठीण फलकाचा सोस पहिल्याच वर्षी धरण्याचे प्रयोजन प्रस्तुत लेखकास दिसत नाही; जेव्हा बाणांची गर्दी इतकी वाढेल की पट स्थिर असूनही काही पावले नोंदली जात नाहीत, तेव्हा तो विचार करावा.

मऊ पटावर पादत्राणे घालून नाचू नये, कारण टाचेने आतील लेप तडकतो. घरात अनवाणी वावरण्याची आपली रीत येथे आपसूकच उपयोगी पडते. मात्र चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात घामेजलेला तळवा प्लास्टिकवर घसरतो, म्हणून त्या दिवसांत पातळ मोजे घालणे श्रेयस्कर. पट आवरताना त्याच्या घड्या न घालता गुंडाळी करावी. माळवदाच्या जुन्या घरात वा लाकडी माडीवर हा खेळ मांडूच नये. लातूरच्या शिकवणीवर्गांच्या परिसरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने खालच्या खोलीत अभ्यास करीत बसलेल्या मुलाचा विचार करणे, हाही निवडीचाच एक भाग मानावा. धातूचा फलक या बाबतीत मऊ पटाहून फारच निष्ठुर असतो.

विद्युत्‌जोडणीकडे ग्राहकाचे लक्ष क्वचितच जाते, आणि नेमकी तेथेच फसगत होते. काही पट व जुने जोडतुकडे डाव्या-उजव्या बाणांची नोंद एकाच अक्षाची दोन टोके म्हणून करतात. परिणामी दोन्ही पाय एकदम पडले की उजव्याने डावे रद्द होते आणि संगणकास काहीच कळत नाही. या खेळांत डावा-उजवा एकत्र दाबण्याच्या उड्या पदोपदी येतात, म्हणून पट हाती येताच हे दोन बाण एका वेळी दाबून दोन्हींची स्वतंत्र नोंद होते का, याची रुजुवात करून घ्यावी, आणि न झाल्यास मुदतीत माल परत करावा. विलंबाची गोष्ट निराळी आहे. यूएसबीच्या सामान्य व्यवस्थेत संगणक अशा उपकरणाची विचारपूस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी करतो, आणि स्टेपमॅनियाच्या सर्वसाधारण मापाने सर्वोत्तम पावलाची मर्यादा अलीकडे-पलीकडे २२.५ मिलिसेकंद असते. तेव्हा पटाचा विलंब सहसा आड येत नाही. आड येतो तो दूरचित्रवाणी संच, जो चित्रावर संस्कार करण्यात याच्या कैकपट वेळ दवडतो. संचातील ‘गेम मोड’ चालू करून मग आज्ञाप्रणालीतील मेळ बसवावा.

स्टेपमॅनियात आपल्या पसंतीच्या गीतासाठी बाणांची मांडणी स्वतः करता येते, आणि घरातील मुलांची पहिली फर्माईश ‘सैराट’मधील (२०१६) ‘झिंगाट’ची असल्यास नवल नाही. केरव्यातील गीत चार-चार मात्रांच्या रेघांत सरळ बसते. दादऱ्याची सम मात्र त्या रेघांना ओलांडत राहते, जरी त्यामुळे खेळण्यात बाधा येत नाही. खरी कसोटी जुन्या लावण्यांची : जिवंत ढोलकीवर ध्वनिमुद्रित झालेल्या गीताची लय जागोजाग वाढते, तेव्हा तिच्या बदलाची नोंद टप्प्याटप्प्याने करावी लागते, अन्यथा शेवटच्या आवर्तनात बाण एकीकडे आणि ठेका दुसरीकडे, अशी अवस्था होते. शाळेत लेझीम खेळलेल्या मुलामुलींना आकड्यांवर पाऊल टाकण्याची सवय असल्याने या खेळाचा आरंभ त्यांना जड जात नाही. इतर नवशिके प्रत्येक बाणानंतर पाय मध्यभागी परत आणतात आणि त्यामुळे धापा टाकतात. पाय ज्या बाणावर पडला तेथेच राहू द्यावा आणि पुढचे पाऊल दुसऱ्या पायाने टाकावे.

बाजारात याच नावाखाली विकली जाणारी, स्वतःचीच चार गाणी वाजविणारी बॅटरीवरील बालचटई वेगळ्या वर्गात मोडते. ती संगणकास जोडली जात नाही. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांस १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे असून विद्युत्‌खेळण्यांस आयएस १५६४४ हे मानक लागू होते. चिन्ह नसलेली चटई घेऊ नये. घरपोच मागविलेला पट सदोष निघाला आणि विक्रेत्याने दाद दिली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमान्वये फिर्याद ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाखल करता येते. विक्रेत्याचे दप्तर दिल्लीस वा बंगळुरास असले तरी नांदेडच्या ग्राहकास तेथे हेलपाटे घालावे लागत नाहीत. त्यासाठी पावती, मागणीचा तपशील आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा.