दिव्यांगांचे आरोग्य आणि आंतरराष्ट्रीय प्रयत्न

जगातील सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे दर सहा जणांपैकी एकाला, लक्षणीय स्वरूपाचे दिव्यांगत्व आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यांपैकी सुमारे ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार काही दिव्यांग व्यक्तींचे आयुष्य इतरांच्या तुलनेत २० वर्षांपर्यंत कमी भरते. मधुमेह, दमा, पक्षाघात व नैराश्य यांचा धोका त्यांना दुप्पट असतो. याचा दोष केवळ शारीरिक व्यंगाकडे जात नाही, हे या अहवालाचे मुख्य प्रतिपादन आहे. दवाखान्यापर्यंत नेणारे वाहन नसणे, दारातील पायऱ्या, तपासणीचे उंच टेबल, खुणांची भाषा न जाणणारे कर्मचारी आणि रुग्णाला सोडून सोबतच्या नातेवाइकाशीच बोलणारे डॉक्टर, अशी कारणांची मोठी साखळी त्यामागे असते.

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले ते प्रामुख्याने १९८१ मध्ये. संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्ष अपंग व्यक्तींचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. पुढे १९८३ ते १९९२ हे दशक त्यासाठी राखून ठेवण्यात आले आणि १९९२ पासून ३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिन ठरला. दरम्यान १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यातून समाजाधारित पुनर्वसनाच्या कल्पनेला चालना मिळाली होती. पुनर्वसन केंद्रे शहरांत आणि रुग्ण खेड्यांत, ही अडचण ओळखून कुटुंबीयांना व गावातील स्वयंसेवकांनाच साधे व्यायाम, बसण्या-उठण्याच्या पद्धती व साधनांचा वापर शिकवावा, असा हा विचार होता. त्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन व सबलीकरण हे त्यांतील पाच घटक होत.

मात्र सर्वांत मूलगामी बदल घडला तो व्याख्येत. १९८० च्या वर्गीकरणात आजारातून व्यंग, व्यंगातून अक्षमता आणि अक्षमतेतून सामाजिक अडचण, अशी सरळ उतरंड मांडली होती. मे २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने नवे वर्गीकरण स्वीकारले. त्यानुसार दिव्यांगत्व ही व्यक्तीची शारीरिक स्थिती आणि तिच्या भोवतालची परिस्थिती यांच्या परस्परसंबंधातून निर्माण होणारी अवस्था ठरली. पाय गमावलेला माणूस चांगला कृत्रिम पाय व सपाट रस्ता मिळाल्यास कामावर जाऊ शकतो. ते न मिळाल्यास तोच माणूस घरी बसून राहतो. दोन्ही प्रसंगी व्यंग तेवढेच असते.

या बदलाचा परिणाम गणनेवरही झाला. जागतिक आरोग्य संघटना व जागतिक बँक यांच्या २०११ च्या संयुक्त अहवालात दिव्यांगांचे प्रमाण सुमारे १५ टक्के दिले होते; त्याच वर्षीच्या भारतीय जनगणनेत ते २.२१ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी ६८ लाख इतके भरले. ही तफावत बव्हंशी प्रश्नाच्या स्वरूपाची आहे. ‘घरात कोणी अपंग आहे काय’ असे विचारले, तर संकोचापोटी किंवा म्हातारपणाचे दुखणे समजून उत्तर नकारार्थी येते. पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची निगा राखणे व संवाद साधणे यांत किती अडचण येते, असे विचारले तर चित्र पालटते. दिव्यांगत्वाच्या आकडेवारीसाठी २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने नेमके हेच सहा प्रश्न सुचविले.

हक्कांच्या दृष्टीने १३ डिसेंबर २००६ हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा करार संमत केला. तो ३ मे २००८ पासून अमलात आला. त्याच्या २५ व्या कलमानुसार इतरांना मिळणाऱ्या दर्जाचीच आरोग्यसेवा, शक्यतो घराजवळ व ग्रामीण भागातही, दिव्यांगांना मिळाली पाहिजे. उपचारांपूर्वी त्यांची संमती घेतली पाहिजे आणि विम्यात भेदभाव करता कामा नये. भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये या कराराला मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ चा कायदा झाला व दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले. योगायोग असा की, या कायद्यातही आरोग्यसेवेचे कलम २५ वेच आहे. सरकारीच नव्हे तर खासगी रुग्णालयांतही अडथळाविरहित प्रवेश असावा, असे ते सांगते. त्याचा अंमल किती झाला, हे कोणत्याही जुन्या इमारतीतील रुग्णालयाच्या पायऱ्यांवरून कळू शकते.

साधनांच्या बाबतीत दीर्घकाळ दानावर भर होता. परदेशांतून आलेल्या, रुग्णालयातील वापरासाठी बनविलेल्या चाकाच्या खुर्च्या खेड्यांतील रस्त्यांवर मोडून पडत, आणि शरीराच्या मापाची नसलेली खुर्ची मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णास जीवघेणे दाबव्रण देऊ शकते. त्यामुळे २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माप घेणे, प्रशिक्षण व दुरुस्ती यांवर भर देण्यात आला. २०१६ मध्ये ५० अग्रक्रमी साधनांची यादी तयार झाली. तरीही २०२२ च्या अहवालानुसार किमान एका साधनाची गरज असलेले लोक २५० कोटींहून अधिक आहेत आणि काही गरीब देशांत गरजूंपैकी केवळ ३ टक्क्यांना ते मिळते.

या क्षेत्रात मदतीचा ओघ एकाच दिशेने वाहिला असे नाही. मुंबईची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने सुरू झाली, उलट डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस घडविलेला ‘जयपूर फूट’ भारतातून आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, अनवाणी शेतात चालणे या गरजा पाश्चात्त्य बनावटीच्या पायांनी भागत नव्हत्या.

जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये दिव्यांगांच्या आरोग्याविषयी आणि २०२३ मध्ये पुनर्वसनाविषयी ठराव केले. पुनर्वसन ही मूलभूत आरोग्यसेवाच मानून तिचा समावेश प्राथमिक स्तरापासून करावा, असा दुसऱ्या ठरावाचा रोख आहे. त्यासाठी लागणाऱ्या निधीची वाट मात्र २०२५ पासून बिकट झाली. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली, आणि २००८ च्या खुर्चीविषयक तत्त्वांत सहभागी असलेल्या यूएसएड या तिच्या विकास संस्थेचे कामकाज १ जुलै २०२५ रोजी संपुष्टात आले.