पंपापासून सुरुवात

‘फ्युएल पंप मोठा बसवला, आता ट्यूनिंग करावं लागेल का?’ गॅरेजमध्ये हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की मिस्त्री मान वर न करताच उत्तर देतात. कुणी ‘हो’ म्हणतात, कुणी ‘काही गरज नाही’. दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात. असे का, हे उमगले की इंजिनाचे बरेचसे शास्त्र हाती लागते. म्हणूनच या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी पंपापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपाचे काम वाटी भरण्यापुरते होते. बॉशने 1967 मध्ये डी-जेट्रॉनिक ही इंधन इंजेक्शन प्रणाली आणली आणि पेट्रोल मोजण्याचे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेले. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो आणि त्यामागे दाब किती आहे, यावर सारा हिशेब चालतो. पंपाची ताकद त्यात थेट येतच नाही. तुमच्या इमारतीचेच पाहा ना! गच्चीवरच्या टाकीला मोठी मोटार बसवली म्हणून नळाची धार वाढत नाही; जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून जाते. परतीची नळी असलेल्या गाडीत प्रेशर रेग्युलेटर असेच जादा पेट्रोल टाकीत परत सोडतो. तो धड असेल तर ट्यूनिंगला हात लावायचे कारण नाही.

पण ओव्हरफ्लोचा पाइपच अरुंद असला तर? तेव्हा दाब चढतो. तीन बारचे साडेतीन झाले की इंजेक्टरमधून सुमारे 8 टक्के पेट्रोल जास्त जाते. संथ चालीत एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारा लॅम्डा सेन्सर ते सावरून घेतो; पूर्ण थ्रॉटलवर बहुतेक गाड्या त्याचे ऐकत नाहीत, आणि मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, होते. याउलट, जुना पंप दमत असताना केलेले ट्यूनिंगही नव्या पंपाबरोबर चुकीचे ठरते. पंपाचा वेग ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवत असेल, तर त्याला नव्या पंपाची ओळख करून द्यावीच लागते.

निवाडा प्रेशर गेजवर होतो. इंजिन आयडलिंगला ठेवा, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचे तोंड बंद करा आणि काटा पाहा. नव्या पंपावरही तो जुन्याच आकड्यावर थांबला, तर निश्चिंत व्हा. एवढेच की, गेज पंप बदलण्याआधीही एकदा लावा; जुना आकडा नंतर मिळत नाही.