बोरी ते पाचगाव : वणवा आणि गाव

फेब्रुवारी सरता सरता सातपुड्यातला साग पानं गाळू लागतो. महिन्याभरात पायाखाली पाचोळ्याचा थर साचतो, त्याखालचं गवत तर कधीच वाळलेलं असतं. दुपारचा वारा सुटला की एक ठिणगी पुरते. ही ठिणगी आभाळातून क्वचितच पडते. मध्य भारतातला वणवा बहुतेक वेळा माणसाच्या हातूनच लागतो, आणि म्हणूनच तो रोखण्याचा प्रश्न पहिल्यापासून जंगलाइतकाच गावांचाही होता. सरकारला हे उमगायला फार वेळ लागला.

1861 मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. रेल्वेला स्लीपर हवे होते, त्यासाठी सागवान हवं होतं. पण दर उन्हाळ्यात जळणाऱ्या जंगलात कोवळी रोपं तग धरत नव्हती. प्रांताच्या वनखात्याचे प्रमुख कर्नल पिअर्सन यांनी 1864 च्या सुमारास पचमढीजवळच्या बोरीच्या जंगलात आग पूर्णपणे बंद ठेवून पाहिली. हे जमेल यावर तेव्हा अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचाच विश्वास नव्हता. ते जमलं, आणि बोरी इतर प्रांतांसाठी नमुना ठरली.

या कामाचा कणा म्हणजे जाळरेषा. पावसाळा संपल्यावर ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापायचं, ते वाळू द्यायचं आणि आजूबाजूचं जंगल अजून ओलसर असतानाच पट्टा जाळून मोकळा करायचा. पुढे आग आलीच तर तिला खायला तिथे काही उरत नाही. हे सांगायला सोपं आहे. खरी मेहनत नंतरची, कारण सागाची मोठाली पानं रोज त्याच पट्ट्यावर पडत राहतात आणि एक आठवडा झाडलोट चुकली की आगीला पूल तयार! आजही हे काम फायर वॉचर करतात. हाती झाडाची हिरवी फांदी असते, अलीकडे पाठीवर पाचोळा उडवणारा ब्लोअरही आला आहे.

कायद्याने मात्र गावाकडे संशयानेच पाहिलं. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम 79 म्हणतं, जंगलात हक्क असणाऱ्याने आगीची खबर द्यावी आणि ती विझवायला मदत करावी. कलम 26 प्रमाणे, कोणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार स्थगित करू शकतं. म्हणजे आग लावणारा एक, आणि शिक्षा अख्ख्या गावाला. अशा जंगलासाठी लोकांनी जिवावर उदार व्हावं, ही अपेक्षाच अन्यायाची होती.

शिवाय आगबंदी सगळीकडे फळली असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशातले वनाधिकारीच सांगू लागले की ओलसर जंगलात आग थांबली की बांबू आणि झुडपं माजतात, सागाच्या रोपांना ऊन मिळत नाही. सालाच्या जंगलातही हाच अनुभव आला आणि काही ठिकाणी खात्यानेच नियंत्रित जाळणी सुरू केली.

गावकरी आग लावतो त्यालाही कारणं असतात. मोहाची फुलं रात्रीतून, पहाटेपर्यंत गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूच्या झुडपाला आगीनंतर कोवळी, भरदार पानं फुटतात आणि विडीसाठी तीच हवी असतात. त्यासाठी खरं तर खुटकटाई, म्हणजे झुडूप बुंध्याशी छाटणं, पुरते, पण काडी ओढणं कमी कष्टाचं आणि फुकटचं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हा हिशेबच मोडला. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपानासाठी झाडांची छाटणी होते, वणवे लागतात, म्हणून ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. हातचा पैसा सोडणं सोपं नव्हतं. बांबूच्या विक्रीने गावाला आधार दिला. कलम 26 च्या धाकाने जे साधलं नव्हतं, ते जंगल आपलं झाल्यावर गावाने स्वतःहून केलं.

आज उपग्रहावरून आगीचा ठिपका दिसतो आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. तो महत्त्वाचा आहेच, पण येतो आग लागल्यावर. मोहाखालची काडी मुळात ओढलीच जाऊ नये, यासाठी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये झाडांखाली जाळी बांधली जाते. फुलं जाळीतच पडतात, माती लागत नाही, भाव चांगला मिळतो आणि पाला पेटवायची गरजच राहत नाही.